हुल्डाच्या दोन ओळी

पाच वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात जनेलने तयार करून वाटलेल्या घराण्याच्या पुस्तकाला तिच्या दूरच्या भावाने, मर्लने, सगळ्यांदेखत ‘झोपेची गोळी’ म्हटलं होतं. जनेल तेव्हा हसली, कॉफी ओतत राहिली, आणि तो राग तिने पाच वर्षं जपून ठेवला. आमच्या ट्वेटन मंडळींत असंच असतं. आम्ही भांडतो ते आवाज न चढवता, एकमेकांना केक वाढत वाढत. बाहेरचा माणूस बघून म्हणेल, काय गुण्यागोविंदाने नांदताहेत!

पण खरं सांगायचं तर मर्लचं काही चुकलं नव्हतं. जनेलने अमेरिकन सरकारची दर दहा वर्षांची जनगणना भोळेपणाने प्रत्येक माणसाच्या नावावर वेगळी चढवली होती. जनेलच्या पणजोबाच्या, नील्स ट्वेटनच्या, घरात तो, बायको आणि नऊ पोरं. कॉम्प्युटरला काय, चढवलं तेवढं त्याने इमानेइतबारे छापलं. ‘१९१० सालच्या जनगणनेत ही व्यक्ती कुटुंबासह शेतावरील घरात राहत असल्याचे आढळते.’ बापाच्या पानावर हेच, आईच्या पानावर हेच, मग एकेका पोराच्या पानावर पुन्हा हेच. सहाशे चाळीस पानं झाली होती त्या पुस्तकाची! मर्लने टेबलावर चढून एकेक पान वाचलं होतं, आणि दर वेळी कपाळावर हात मारून ओरडला होता, "सापडला रे बाबा, हाही घरीच सापडला!"

म्हणून या हिवाळ्यात बाहेर बर्फाने दारं अडली असताना जनेलने सगळं उसवून पुन्हा बसवलं. आता एका घराची नोंद एकदाच, घरच्या कर्त्याच्या नावावर. बाकीच्यांना त्या नोंदीला नुसतं जोडायचं, कोण बायको, कोण मुलगा, कोण गडी ते सांगून. छापताना परिच्छेद फक्त कर्त्याच्या पानावर उमटतो. एप्रिलमध्ये १९४० ची जनगणना बहात्तर वर्षांनी लोकांसाठी खुली झाली, तीही तिने त्यात घातली. तरी पुस्तक आलं दोनशे एकतीस पानांवर.

तर जुलैतला शनिवार होता, आणि चर्चच्या तळघरात साठ-पासष्ट ट्वेटन जमले होते. हॅमचे पाव संपत आले होते. आंबट र्‍हुबार्बच्या देठांच्या वड्यांच्या ताटात शेवटची वडी उरली होती. शेवटची उचलणं आमच्यात असभ्य समजतात, त्यामुळे जो तो येऊन तिचा अर्धा तुकडा कापून नेत होता, आणि ती काही संपत नव्हती. जनेलने कॉम्प्युटर कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी मांडला होता आणि छापून आणलेली कच्ची प्रत मर्लच्या हातात दिली होती. सोमवारी ती छापखान्यात जायची होती, आणि छापखान्याची जबाबदारी मर्लने घेतली होती. गावातलं धान्याचं कोठार तोच चालवतो, त्यामुळे गावात त्याच्या ओळखी फार.

मर्ल चष्मा नाकावर सरकवून पानं उलटत होता. त्याला खोड काढायची होती, आणि काढायला काही सापडेना. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, पण तोंड कसं पडलं होतं!

"काय?" जनेल म्हणाली.

"वाचता येतंय की गं हे."

"झोप नाही आली?"

"डोळ्यावरची होती ती पण गेली." त्याने प्रत मिटली आणि टेबलावर ठेवली. "मानलं तुला, जनेल. जाऊ दे सोमवारी."

जनेल एवढी खूश झाली की तिने स्वतःच जाऊन वडीचा अर्धा तुकडा कापला. परत आली तेव्हा ती प्रत तिच्या आईच्या, आर्डिसच्या, मांडीवर होती.

आर्डिस एकोणऐंशीची. तिने कुणाचं लग्न, कुणाचा जन्म असलं काही पाहिलं नाही. मागची सूची काढून तिने थेट एकच नाव शोधलं, पान उघडलं, मग मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं, आणि अंगठ्याने चाचपूनही पाहिलं.

"जनेल, हुल्डाआत्याचं पान गळलंय का यातून?"

"नाही आई. आहे ना, तेच आहे."

"इथे दोन ओळी आहेत फक्त." आर्डिसने प्रत हात लांब करून धरली आणि वाचून दाखवलं. "हुल्डा ट्वेटन, नील्सची मुलगी. जन्म १८९९, मृत्यू १९६१, अविवाहित. झालं? संपली बाई?"

हे पान जनेलला ठाऊक होतं. हे कुणी उघडू नये अशी देवाची करुणा भाकून ती आज आली होती.

"असं आहे आई, तिच्या नावावर घर कधी नव्हतंच. लहानपणी पणजोबांच्या घरात, मग आजोबांच्या घरात. त्यामुळे तिची नोंद त्यांच्या पानावर गेली. आहे ती तिथे, नाव आहे तिचं."

"मागच्या पुस्तकात पान भरलं होतं."

"त्यात चार वेळा एकच वाक्य होतं गं!"

"असेना. चारही वेळा ती घरात होती ना? की नव्हती?"

मागच्या पुस्तकाला सगळे हसले तेव्हा आपली आई हसली नव्हती, हे जनेलला आत्ता आठवलं. ते पुस्तक आईच्या पलंगाशेजारी असतं हेही आठवलं, आणि तिला स्वतःचा राग आला.

आर्डिस वर्षाची नव्हती तेव्हा तिची आई गेली, आणि तिला वाढवलं ते हुल्डाने, बापाच्या या बिनलग्नाच्या बहिणीने. आर्डिस पाच वर्षांची असताना टोलेफने, तिच्या बापाने, दुसरं लग्न केलं. नवी बाई घरात आली त्या आठवड्यात हुल्डा एक ट्रंक घेऊन नदीपलीकडे गेली, धाकट्या बहिणीकडे, गुड्रूनकडे. एका घराला दोन बायका कशाला, असं त्या काळात सगळ्यांनाच वाटायचं. पाच वर्षांच्या पोरीला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. आर्डिसने ते मनात धरलं ते धरलंच.

"काय चाललंय मायलेकींचं?" व्हर्ना कॉफीचे दोन कप घेऊन आली. व्हर्ना म्हणजे मर्लची आई, गुड्रूनची थोरली, ऐंशीची. "मावशीचं नाव ऐकलं मी."

आमच्यात कोण कुठल्या काठचा ते ओळखायला एवढं पुरतं. नदीच्या अलीकडचे हुल्डाला आत्या म्हणतात, पलीकडचे मावशी. ती बाई जाऊन पन्नास वर्षं झाली, तरी आत्या म्हणणारे आणि मावशी म्हणणारे एका टेबलावर बसून तिचं नाव काढत नाहीत.

"मावशीचं काही नाही," आर्डिस म्हणाली. "दोन ओळीत उरकलीय तिला."

व्हर्नाने कप ठेवले, वाचलं, आणि तिचाही चेहरा उतरला. "जनेल! अगं, १९४० चं कुठाय? आमच्या घरचा कागद तुला माझ्या सुनेने पाठवला होता ना मे महिन्यात? त्यात मावशी होती आमच्यात."

"होती," आर्डिस कोरडेपणाने म्हणाली. "तुमच्यातच होती ती. कोण नाही म्हणतंय?"

"मी भांडायला नाही आले, आर्डिस."

"मी तरी कुठे भांडतेय? कॉफी छान झालीय."

जनेलने दोघींकडे पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "१९४० ला मी तिला जोडलंच नाही," ती म्हणाली. "कुठल्याच घराला नाही. मला कळेना काय करावं."

"का?"

"व्हर्नामावशी, तुमच्या घरच्या कागदावर ती आहे. चार एप्रिलला माणूस आला होता मोजायला. गुड्रूनआजीच्या नवऱ्याची मेव्हणी म्हणून लिहिलंय." जनेल आईकडे वळली. "आणि आई, आपल्याकडेही आहे. सतरा एप्रिलला. टोलेफआजोबांची बहीण म्हणून. एकाच वर्षी दोन्ही घरांत."

मर्लला राहवलं नाही.

"दोनदा मोजून घेतलं? मग हुल्डाआजीने मतसुद्धा दोनदा दिलं असणार!"

"गप रे," व्हर्ना म्हणाली.

"अगं पण आई, सोपं आहे की. एक चूक आहे, ती खोडायची. जनेल, नियम काय सांगतो?"

जनेलला नियम पाठ होता, आणि आत्ता तो पाठ नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. "एक एप्रिलला माणूस जिथे कायमचा राहतो, तिथेच मोजायचा. पाहुणा मोजायचा नाही. नदीच्या दोन काठांना मोजणारे दोन वेगळे होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही."

"म्हणजे खरं घर पलीकडचं," मर्ल म्हणाला. "आमचं." तो काही जिंकल्याच्या थाटात म्हणाला नव्हता, पण तसं ऐकू आलं खरं.

"खोड मग," आर्डिस म्हणाली. "आमच्याकडचं खोड. नव्हतीच ती आमच्यात. माझ्या सावत्र भावाच्या, रोनाल्डच्या, जन्माच्या वेळी आली होती तीन आठवडे. नवी आई बाळंतपणाला तिच्या माहेरी गेली होती, म्हणून भाकऱ्या थापायला बोलावलं होतं तिला. पाहुणी म्हण, मोलकरीण म्हण, काय म्हणायचं ते म्हण. माझ्याशी तर ती एक शब्द बोलली नाही."

हे खोटं होतं, आणि ते आर्डिसला माहीत होतं. हुल्डा बोलत होती. रोज बोलत होती. वेणी घालू का विचारायची, बिस्किट देऊ का विचारायची. सहा वर्षांची आर्डिस जिन्याखाली बसून राहायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. तीन आठवडे तिने ते ओठ उघडले नाहीत. आपण तेव्हा जिंकलो असं तिला कितीतरी वर्षं वाटत आलं होतं.

व्हर्ना मात्र खुर्ची ओढून बसली. तिला एक गोष्ट खटकत होती. "जनेल, त्या मोजणाऱ्याला हे सांगितलं कुणी? एप्रिल म्हणजे पेरणीचे दिवस. टोलेफमामा दिवसा घरात सापडायचा नाही. मामी माहेरी होती म्हणते आर्डिस. मग दारात कोण गेलं?"

"ते कळतं," जनेल सावकाश म्हणाली. "त्या वर्षीच्या कागदावर कळतं. ज्याने माहिती दिली त्याच्या नावापुढे गोलात फुली मारायचे. फक्त त्याच एका वर्षी होती ही पद्धत."

"मग बघ की!"

जनेलने पाहिलेलं होतं. पण फुलीवरून परिच्छेद बनत नाही, म्हणून ती पुढे गेली होती. तिने कागद पडद्यावर उघडला आणि मोठा केला. शाईची तिरकी अक्षरं, टोलेफ, त्याची नवी बायको आल्मा, आर्डिस, हुल्डा. गोलातली फुली हुल्डाच्या नावापुढे होती.

"तुमच्याकडेही तिच्याच नावापुढे आहे, व्हर्नामावशी. दोन्ही घरी दारात तीच गेली होती."

"म्हणजे तिनेच सांगितलं? दोन्हीकडे?" मर्ल म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. तो वाकून पडदा बघायला लागला. "पण तिने सांगायचं ना, मी पलीकडे राहते, तेरा दिवसांपूर्वी मोजलंय मला. साधी गोष्ट आहे."

"तिने नाही सांगितलं."

आर्डिस उठली. तिचे गुडघे दुखतात, टेबलाला धरून उठली, आणि पडद्याजवळ चेहरा नेला. "या ओळीत पुढे काय काय आहे ते वाच सगळं. माझा चष्मा जवळचा नाही."

जनेल बोट फिरवत गेली. "हुल्डा ट्वेटन. कर्त्याची बहीण. वय चाळीस. अविवाहित. शिक्षण आठवीपर्यंत. जन्म मिनेसोटा." बोट थांबलं. हा रकाना तिने टाइप केला होता, पण वाचला नव्हता. टाइप करताना माणूस वाचत नाही, हे तुम्हाला कुणीही सांगेल. "इथे विचारलंय, पाच वर्षांपूर्वी, १९३५ साली, कुठे राहत होतात?"

"मग?"

"‘तेच घर’ असं लिहिलंय, आई."

"आणि आमच्या कागदावर?" व्हर्नाने विचारलं.

जनेलने दुसरा कागद उघडला. "तुमच्याकडे, आपल्या अलीकडच्या गावाचं नाव आहे, म्हणजे भावाकडे. तुमच्याकडे तिने खरं ते सांगितलंय."

"आणि आमच्याकडे?" आर्डिस म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आपल्याकडे ती मधली दोन वर्षं कुठे गेलीच नव्हती असं सांगितलंय."

आर्डिसला जुन्या घरातला जिना आठवला. जिन्याखालून दार दिसायचं. एक टोपीवाला माणूस बगलेत वही धरून आलेला तिला आठवत होता की आता आठवतोय असं वाटत होतं, कोण जाणे. ती तिथेच बसली असणार, चार पावलांवर. हुल्डाला माहीत असणार ती तिथे आहे. आणि ते माहीत असतानाच ‘तेच घर’ म्हणाली असणार.

"मला वाटायचं टाकून गेली मला," आर्डिस म्हणाली. "चौऱ्याहत्तर वर्षं वाटतंय. तुझ्याकडे गेली ती, व्हर्ना. तू आवडलीस तिला."

"मी?" व्हर्ना एवढ्याने हसली की शेजारच्या टेबलावरचे वळले. मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "अगं वेडे! आमच्याकडे ती तेवीस वर्षं राहिली, आणि तेवीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. खिडकी कुठल्या बाजूला होती? नदीच्या! मी तिच्याकडून शिवायला शिकले, विणायला शिकले, आणि दर टाक्याला ऐकायचं काय, तर आर्डिसची बोटं नाजूक आहेत, आर्डिस लवकर शिकली असती. मी तुझा किती राग केलाय तुला सांगू? तुझ्या लग्नात हसत होते ना मी, ते सगळं खोटं."

"माझ्या लग्नात तू निळा झगा घातला होतास."

"तिने शिवला होता. मोठा झाला होता मला. तुझ्या मापाने शिवत असणार मेली."

यावर दोघी हसल्या. पण आर्डिसचं हसू टिकलं नाही. तिने खुर्चीची पाठ धरली.

"मी तिच्या मयतीला आले नव्हते."

जनेलने चमकून पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. आईला त्या दिवशी ताप होता असं तिला लहानपणापासून सांगितलेलं.

"माहीत आहे," व्हर्ना म्हणाली.

"ताप नव्हता मला. गाडी सुरू करून बसले होते अंगणात. बंद केली आणि आत जाऊन बटाटे सोलले."

"अगं, मयतीचं काय घेऊन बसलीस? शेवटचे दोन महिने ती अंथरुणाला होती, तेव्हा रोज विचारायची, अलीकडून कुणी आलं का. मी म्हणायचे, रस्ता खराब आहे, आर्डिसचा निरोप आलाय, उद्या येतेय. रोज उद्या. देव मला काय ती शिक्षा करो, पण ती शांत झोपायची."

"आणि तू मला हे कधी सांगितलं नाहीस?"

"तू मला कधी विचारलं नाहीस! आणि मी का सांगू? मी उपसत होते तिची उशापायथ्याची भांडी, आणि तिला हवी होतीस तू."

आर्डिसला रडू फुटलं. आमच्यात चारचौघांत असं रडत नाहीत, त्यामुळे कुणाला काय करावं कळेना. मर्लने हातरुमाल काढला, तो मळका निघाला, त्याने परत खिशात घातला. शेवटी व्हर्नाच उठली आणि आर्डिसच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दोघी बुटक्या, दोघींच्या पाठी सारख्याच वाकलेल्या. नील्सकडून आलंय ते.

जनेलने खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली. तिने हुल्डाचं पान उघडलं. ज्यांना स्वतःचं घर कधी नव्हतं त्यांच्यासाठी एक सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती, हे तिला माहीत होतं, फक्त पानं वाचवायच्या नादात तिने ती सगळीकडे बंद ठेवली होती. जोडलेल्या माणसाच्या पानावरही, त्याच्या त्याच्या नात्याने, एकेक ओळ छापता येते. तिने ती हुल्डापुरती सुरू केली. मुलगी, मुलगी, मुलगी, बहीण. चार साली चार ओळी उमटल्या.

"अजून कोण आहेत असे?" मर्लने मागून विचारलं.

"मोजले नाहीत. सतरा-अठरा असतील. गडी, बिनलग्नाच्या आत्या, ओस्कारकाका."

"सुरू कर सगळ्यांचं."

"पानं वाढतील, मर्ल. मग पुन्हा टेबलावर चढशील."

"छापखान्याचं मी बघतो." त्याने घसा खाकरला. "आणि चढणार नाही."

"१९४० चं काय करू?" जनेलने खुर्ची वळवली. "एकाच घरात ठेवायचं तर नियमाने—"

"दोन्ही ठेव," व्हर्ना म्हणाली. "आणि ते ‘तेच घर’ गाळू नकोस. जसं लिहिलंय तसंच छाप. कुणी हसलं तर हसू दे."

"पण चूक आहे ती, व्हर्नामावशी. खाली तळटीप द्यावी लागेल, की ही माहिती तिने स्वतः दिली आणि ती बरोबर नाही."

"तळटीप दे," आर्डिस म्हणाली. तिने नाक पुसलं. "तिने स्वतः सांगितलं, एवढंच लिही. बरोबर नाही ते राहू दे."

जनेलने तसं लिहिलं. दोन तारखा खालीवर कशा लावायच्या म्हणून ती क्षणभर थांबली, तिचं बोट टोलेफच्या घरावर होतं.

"आधी पलीकडचं घाल," आर्डिस म्हणाली. "व्हर्नाचं. तिथे राहिली ती, तिथेच तिला कुणी दोन घास भरवले."

व्हर्नाने आर्डिसचा हात हातात घेतला.

जनेलने पान छापायला टाकलं. कोपऱ्यातल्या यंत्रातून ते बाहेर आलं तेव्हा मर्लने ते आणून आर्डिसच्या हातात दिलं. तिने ते व्हर्नाकडे दिलं, कारण जवळचा चष्मा व्हर्नाकडे होता, आणि म्हणाली, "वाच. सगळं वाच. एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलं तरी वाच."